पिशवी काढली, पण हिशेब संपला नाही

(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शेतकरी बायांच्या मेळाव्यात मुरबाडकडच्या एका कार्यकर्तीने केलेलं हे भाषण. मेळाव्याला कापूस-ज्वारीच्या जिल्ह्यांतून आलेल्या बहिणींनी ते आपल्या पत्रकात छापावं असा आग्रह धरला. जिल्हा बैठकीत एकीने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, म्हणून बोललं तसंच छापलं आहे.)



मला आज बोलायला सांगितलंय ते बाईच्या अंगावरच्या गोष्टीवर. पाळी वेळेआधी जाते, नाहीतर पिशवी काढतात म्हणून बंद होते. त्यानंतर त्या बाईने स्वतःला कसं सांभाळायचं, हा विषय आहे. विषय ऐकल्याबरोबर मागचे दोन-चार भाऊ चहाला निघाले. त्यांना माझी विनंती आहे, बसा. भावाच्या सभेला बाया शेवटपर्यंत बसतात. आज तासभर तुम्ही बसा.

बीड, परभणी, यवतमाळकडून बहिणी आल्या आहेत. तुमची काळी जमीन. कापूस, तूर, ज्वारी. आमच्याकडे खाचरात भात आणि वरकसावर नागली-वरई. तुमच्याकडे पाऊस दडी मारतो. आमच्याकडे तो धो धो कोसळतो आणि चैत्र-वैशाखात प्यायला पाणी नसतं. भातसा, तानसा, मोडकसागर ही धरणं आमच्या शहापूर तालुक्यातली. त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि धरणाशेजारच्या पाड्यावरची बाई दोन हंडे डोक्यावर घेऊन टेकडी उतरते. पीक वेगळं, पाऊस वेगळा. पण सकाळपासून तुमच्याशी बोलतेय तर एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच निघाली. प्रत्येक गावात पंचविशी-तिशीत पिशवी काढलेल्या बाया आहेत, आणि त्यांच्यातल्या बहुतेकींना आपल्या अंगातून नेमकं काय काढलं ते ठाऊक नाही.

मलाही ठाऊक नव्हतं. म्हणून आधी माझंच सांगते.

माझा कागद

सतराव्या वर्षी लग्न झालं. तेविसाव्या वर्षापर्यंत तीन मुलं झाली आणि नसबंदीचं ऑपरेशनही झालं. एकतिसाव्या वर्षी अंगावरून जास्त जायला लागलं. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून उभं राहवेना. पांढरंही जायचं, कंबर मोडून यायची. पावसाळा तसाच काढला. मग एका शहरातल्या खाजगी दवाखान्यात गेलो. सोनोग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, पिशवीला सूज आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, आणि तुम्हाला मुलं झालेली आहेत तर ती हवी कशाला? कॅन्सर हा शब्द ऐकल्यावर माझ्या मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. पौषात म्हशाची जत्रा होती. तिथे बैलजोडी विकली आणि आठवड्याच्या आत माझी पिशवी निघाली.

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, आता विटाळातून सुटलीस. मलाही वाटलं, सुटले.

दोन महिन्यांतच अंगातून वाफा निघायला लागल्या. बसल्या जागी छातीपासून तोंडापर्यंत आग व्हायची, घाम फुटायचा आणि मागून थंडी वाजायची. रात्री झोप नाही. चिडचिड इतकी की पोरं जवळ यायला घाबरत. कुणी म्हणालं अंगात वारं आहे, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. कोंबडं झालं, नारळ झाला. पुढे वाफा कमी झाल्या आणि मी विसरून गेले.

त्रेचाळिसाव्या वर्षी, लावणीतच, रोपांच्या मुठी घेऊन बांधावरून चालताना पाय घसरला. पडणं मोठं नव्हतं. असं शंभर वेळा पडले असेन. पण हात टेकला आणि मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघितला आणि म्हणाले, वय त्रेचाळीस सांगता, हाड पासष्टीच्या बाईसारखं पोकळ झालंय. मग त्यांनी विचारलं, पाळी कधी गेली? बारा वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणीतरी विचारला. त्यांनी ऑपरेशनचा जुना कागद मागवला. तो पेटीत रेशनकार्डाच्या पिशवीत होता. त्यांनी इंग्रजीतली एक ओळ बोट ठेवून दाखवली आणि म्हणाले, बाई, तुमची नुसती पिशवी नाही काढली, दोन्ही अंडाशयसुद्धा काढलेत.

बारा वर्षं तो कागद माझ्या घरात होता. माझ्या अंगाची गोष्ट त्यात लिहिलेली होती. ती मला वाचता येत नव्हती आणि वाचून दाखवण्याची कुणाला गरज वाटली नव्हती.

ही एकट्या माझी गोष्ट नाही

तुम्ही म्हणाल, हे एका बाईचं नशीब. तसं नाही. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचा प्रश्न वर्तमानपत्रांतून देशभर गाजला. सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळजवळ सतरा. देशाची जी मोठी कुटुंब आरोग्य पाहणी २०१५-१६ साली झाली, तिच्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायांमध्ये हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होतं. म्हणजे बीडच्या ऊसतोड बाईच्या वाट्याला ते पाचपट आलं.

या ऊसतोड बाया कोण आहेत? तुमच्याच त्या. दोन-तीन एकर कोरडवाहू कापूस-बाजरी-ज्वारी, कापसाला भाव नाही, दिवाळीनंतर घराला कुलूप आणि मुकादमाची उचल घेऊन कोयता गळ्यात. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता. पाळीच्या दुखण्याने एक दिवस पडून राहिली तर खाडा, आणि खाड्याचा दंड. राहायला पाल, आडोसा नाही, पाणी नाही. मग दुखणं अंगावर काढायचं किंवा दुखण्याचं मूळच काढून टाकायचं, एवढेच दोन रस्ते तिला दिसतात. आमच्याकडच्या कातकरी, ठाकूर बाया वीटभट्टीवर जातात, त्यांचीही तीच तऱ्हा. पिशवी ज्या कात्रीने कापली, तिचं एक पातं डॉक्टरच्या हातात होतं आणि दुसरं आपल्या शेतमालाच्या भावात. हे मी ज्या व्यासपीठावरून बोलतेय तिथे जास्त समजावून सांगायला नको.

त्याच देशाच्या पाहणीत आणखी एक गोष्ट निघाली. पिशवी काढलेल्या बायांपैकी निम्म्या जणींचं ऑपरेशन वयाच्या चौतिशीपर्यंतच उरकलेलं होतं, आणि तीनातली दोन ऑपरेशनं खाजगी दवाखान्यात झालेली होती.

आणि पांढरं जाण्याचं म्हणाल, तर गडचिरोलीच्या डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतल्या बायांची तपासणी करून १९८९ साली जगापुढे मांडलं की शंभरातल्या ब्याण्णव बायांना या अंगाचं काही ना काही दुखणं आहे, आणि शंभरातल्या आठ जणींनाच त्याआधी कधी तपासणी मिळालेली होती. त्यातली पुष्कळशी दुखणी औषधाने बरी होणारी असतात. पांढरं जातं म्हणून पिशवी काढणं म्हणजे पिकावर मावा पडला म्हणून बांधासकट शेत विकण्यासारखं आहे.

अंगात होतं तरी काय

पिशवीच्या दोन बाजूंना बदामाएवढे दोन अंडाशय असतात. पिशवी मूल वाढवते. अंडाशय बीज तयार करतात आणि त्याबरोबर एक रस रक्तात सोडतात. डॉक्टर त्याला इस्ट्रोजेन म्हणतात. हा रस नुसता पाळीसाठी नसतो. तो हाडातला चुना धरून ठेवतो, रक्तवाहिन्या मऊ ठेवतो, लघवीची जागा आणि अंग ओलसर ठेवतो, झोपेला आणि डोक्यालाही लागतो.

आपल्याकडे पाळी साधारण पंचेचाळीस ते पन्नासच्या दरम्यान जाते. तेव्हा हा रस हळूहळू आटतो. चाळिशीच्या आत गेली तर ती अकाली म्हणायची. चाळीस ते पंचेचाळीसच्या मध्ये गेली तर लवकर. दोन्ही अंडाशय ऑपरेशनने काढले तर विहीर एका रात्रीत आटल्यासारखं होतं. अंडाशय ठेवून नुसती पिशवी काढली तर रस चालू राहतो, पाळी फक्त दिसत नाही; पण तेही बऱ्याच वेळा काही वर्षं आधीच थकतात. ऑपरेशन न होताही काहींची पाळी तिशी-पस्तिशीत जाते. तिने ‘गेली तर गेली’ म्हणून बसू नये. दिवस राहिलेत का, थायरॉइड आहे का, टीबी आहे का, हे तपासून घ्यावं. आणि अशा बाईला एखाद्या वेळी पुन्हा दिवस जाऊ शकतात, हेही ध्यानात ठेवावं.

आता हिशेब करा. माझी एकतिसाव्या वर्षी गेली. नेहमीसारखी सत्तेचाळिसाव्या वर्षी गेली असती. म्हणजे सोळा वर्षं माझी हाडं आणि माझं काळीज राखणीशिवाय राहिलं. शेतमालाचा उत्पादन खर्च काढताना आपण बैलाचा घसारा धरतो, नांगराचा धरतो, मोटारीचा धरतो. बाईच्या हाडांचा घसारा कुणी धरला? सरकारने नाही धरला, आपणही नाही धरला. हा घसारा पहिल्या पाच-सात वर्षांत सगळ्यात जोरात होतो, आणि तो दुखत नाही. मोडेपर्यंत कळतच नाही.

पहिलं काम : पेटीतला कागद काढा

आज घरी गेल्यावर ज्यांची पिशवी काढली आहे त्यांनी ऑपरेशनचा कागद शोधा. आशाताईकडे नाहीतर उपकेंद्रातल्या नर्सबाईंकडे न्या. शिकलेल्या पोरीलाही वाचता येईल. त्यावर इंग्रजीत ‘टी.ए.एच.’ किंवा ‘व्ही.एच.’ असं असेल तर पिशवी काढली. पुढे ‘बी.एस.ओ.’ ही तीन अक्षरं असतील तर दोन्ही अंडाशयही काढलेत. ‘यू.एस.ओ.’ असेल तर एक काढलाय, एक आहे. कागद हरवला असेल तर दवाखान्याकडून नक्कल मागा. तो आपला हक्क आहे.

बी.एस.ओ. लिहिलेलं असेल आणि वय पंचेचाळिशीच्या आत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञाला भेटून एकच प्रश्न विचारा : मला हार्मोनची गोळी चालेल का? जो रस वेळेआधी बंद पडला तो गोळीने किंवा मलमाने, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या आसपासपर्यंत, द्यावा असं आता जगभरचे डॉक्टर मानतात. २००२ साली अमेरिकेत एका मोठ्या पाहणीनंतर या गोळ्यांची भीती पसरली होती. पण त्या पाहणीतल्या बाया पन्नास ते एकोणऐंशी वयाच्या होत्या. तिशीत अंडाशय गेलेल्या बाईला तो हिशेब लागू होत नाही. मात्र ही गोळी सगळ्यांना चालत नाही. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, लिव्हरचं दुखणं असेल तर ती चालत नाही. पिशवी शाबूत असेल तर तिच्या जोडीला दुसरी गोळी लागते. म्हणून शेजारणीची गोळी घेऊ नका, औषधाच्या दुकानदाराला विचारून घेऊ नका. डॉक्टरने तपासून, लिहून दिली तरच.

हाडांचा जमाखर्च

बाईच्या हाडांना रोज एक हजार मिलिग्रॅम चुना, म्हणजे कॅल्शियम लागतं. पाळी गेल्यावर बाराशे. हा सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा आकडा आहे. आता आपल्या ताटात किती पडतं ते बघू.

तांदूळ दिवसाला तीनशे ग्रॅम खाल्ला तर कॅल्शियम मिळतं जेमतेम पंचवीस-तीस मिलिग्रॅम. तीनशे ग्रॅम ज्वारीच्या पिठातून मिळतं ऐंशीच्या आसपास. नागलीच्या दोन भाकऱ्या, म्हणजे दीडशे ग्रॅम पीठ, यातून मिळतं पाचशेच्या वर. शहापूर-मुरबाडच्या डोंगरावर नागली आमच्या आज्या रोज खायच्या. रेशनचा तांदूळ आला आणि नागली मागे पडली. काळी भाकरी म्हणजे गरिबाची, असं आमच्याच पोरी म्हणायला लागल्या. जी वस्तू आमच्या हाडांना हवी होती ती आम्ही लाजून सोडली.

तुमच्याकडे नागली नाही. पण तीळ आहे. सालीसकट दोन मोठे चमचे तीळ, वीस ग्रॅम, यातून अडीचशे मिलिग्रॅम मिळतं. पूर्वी ज्वारीत, कापसात घरापुरतं तिळाचं एखादं तास असायचं, अंबाडी असायची, मूग-चवळी असायची. कापूस आणि सोयाबीन सलग झालं आणि ती तासं गेली. यंदा घरच्या बाईसाठी दोन तासं तीळ पेरा. रोज तिळाची चटणी भाकरीवर घ्या, संक्रांतीची वाट बघू नका. शेवग्याचा पाला, राजगिऱ्याची भाजी, हरभरा, सुकट, दूध, ताक हे सगळं जमेच्या बाजूला. पालकात चुना असला तरी तो अंगाला फारसा लागत नाही.

दुधाचं तर बोलायलाच नको. म्हैस बाईने पाळायची, शेण बाईने काढायचं, दूध डेअरीला आणि उरलं तर पोराला. पाळी गेलेल्या बाईने एक पेला दूध किंवा दोन पेले ताक रोज घ्यायचं, हा घरचा नियम करा. एका पेल्यात दोनशेच्या वर मिलिग्रॅम मिळतं. एवढं करूनही कमी पडलं तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. ती जेवणाबरोबर घ्यावी आणि रक्तवाढीच्या गोळीबरोबर घेऊ नये. एक सकाळी, एक रात्री. मुतखडा असेल तर आधी सांगावं.

चुना अंगात मुरायला ऊन लागतं. तुम्ही म्हणाल, उन्हाचं आम्हाला काय सांगता! पण वेचणीला जाताना आपण डोक्यापासून बोटापर्यंत गुंडाळून घेतो. सकाळी दहानंतरचं पंधरा-वीस मिनिटं ऊन उघड्या हातापायांवर पडू द्या.

ओझं

एक डॉक्टर मला म्हणाले, तुम्हा शेतकरी बायांना व्यायामाची काय गरज? त्यांचं अर्धं खरं आहे. चालणं, चढणं, बेताचं वजन उचलणं याने हाड घट्ट होतं. पण हाड पोकळ झालेल्या बाईने कमरेत वाकून एकदम ओझं उचललं, डोक्यावर दोन हंडे घेतले, मोळी घेतली, तर पाठीचा मणका दाबला जाऊन चेपतो. म्हातारी वाकली असं आपण म्हणतो. ती वयाने वाकत नाही, मणके चेपून वाकते.

म्हणून ओझं उचलताना आधी गुडघ्यात बसा, ओझं पोटाजवळ घ्या, मग उठा. वेचणीची ओटी भरेपर्यंत वाट बघू नका, अर्ध्यावर रिकामी करा. बांधावर, चिखलात, रात्री परसाकडे जाताना पाय जपून टाका. हाड मोडतं ते बहुतेक पडल्यावर. दाराच्या चौकटीवर पोरांची उंची मापतो तशी आपलीही एक खूण करा आणि दरवर्षी दिवाळीला मापा. उंची दीड इंच कमी झाली तर दवाखान्यात दाखवा.

बाकीची राखण

पाळी लवकर गेलेल्या बाईला काळजाचा विकार लवकर गाठतो. तिशीवरच्या सगळ्यांची बी.पी. आणि साखर सरकारी उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. वर्षातून एकदा तपासून घ्या. मशेरी आणि तंबाखू सोडा. मी वीस वर्षं मशेरी लावली. सोडताना चार महिने जीव कासावीस झाला, पण सुटते.

वाफा येत असतील तर सुती कपडे घाला, रात्री उघड्यावर हवेशीर झोपा, तिखट आणि चहा कमी करून बघा. झोपच येत नसेल, रडू येत असेल, जीव नकोसा वाटत असेल तर बुवाकडे जाऊ नका. १४४१६ हा सरकारचा फुकट फोन आहे, मराठीत बोलता येतं. हे वेड नाही. आटलेल्या रसाचा तो परिणाम आहे आणि त्यावर इलाज आहे.

लघवीला आग होते, वारंवार होते, तर पाणी भरपूर प्या. शेतात आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बाया मला माहीत आहेत. नवऱ्याजवळ जाताना दुखतं, हे आपण कुणाला सांगत नाही. अंग कोरडं पडतं म्हणून ते दुखतं, आणि त्याला मलम मिळतं. भावांनो, ‘तिला आता माझं नकोसं झालंय’ असं मनात धरून बसू नका. तिला दुखतंय.

आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. पाळी गेल्यावर किंवा पिशवी काढल्यावर पुन्हा रक्ताचा डाग जरी दिसला तरी त्याच आठवड्यात दाखवायचं. काहींच्या ऑपरेशनमध्ये पिशवीचं तोंड ठेवलेलं असतं. त्यांनी त्याची कॅन्सरची तपासणी चालूच ठेवायची.

ज्यांची अजून काढली नाही त्यांनी

ऑपरेशन कधीच करू नये असं मी म्हणत नाही. कॅन्सर असेल, मोठ्या गाठी असतील, रक्त थांबतच नसेल तर ते करावं लागतं आणि त्याने जीव वाचतो. पण आधी विचारा : मला नेमकं काय झालंय? औषधाने बरं होईल का? पिशवीच काढायची तर अंडाशय चांगले असताना ते का काढता? पुढे मला काय जपावं लागेल? ‘उद्याच करा’ म्हणणाऱ्या डॉक्टरला आठवडा मागा आणि दुसरीकडे दाखवा. आमच्याकडे शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. तुमच्याकडेही तालुक्याला आहेच. म्हशाच्या जत्रेत बैल विकायच्या आधी मी ते केलं असतं तर बैलही राहिले असते आणि निदान माझे अंडाशय तरी राहिले असते.

घरातल्या पुरुषांचा वाटा

चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी बायांचं मोठं अधिवेशन झालं. पुढे लक्ष्मीमुक्तीत हजारो शेतकऱ्यांनी आपल्या बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा केला. ज्यांनी तो केला त्यांना मी हात जोडते. पण जमीन नावावर झाली आणि ती कसणारीचं हाड पोकळ झालं, तर सात-बाऱ्याचं करायचं काय?

आता जमीन नको मागत. मागते ते फार स्वस्त आहे. पाण्याच्या दोन खेपा तुम्ही करा, सायकलला कॅन बांधून करा. तिच्या वाट्याचं ताक तिच्यापुढे ठेवा. ऑपरेशननंतर दीड-दोन महिने तिला ओझं उचलू देऊ नका, आणि वर्षातून एकदा तिच्याबरोबर दवाखान्यात जा. बैलाच्या खुराला दगड लागला तर तुम्ही रात्री कंदील घेऊन गोठ्यात बसता. तेवढंच.

ठराव

शेवटी संघटनेपुढे तीन मागण्या ठेवते, त्यांचा प्रत्येक जिल्हा बैठकीत ठराव व्हावा. एक, पिशवी काढताना काय काढलं आणि पुढे काय जपायचं, हे प्रत्येक दवाखान्याने मराठीत लिहून बाईच्या हातात द्यावं. दोन, सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना सांगितलं की गरज नसताना होणारी ही ऑपरेशनं रोखण्यासाठी केंद्राने केलेली नियमावली तीन महिन्यांत लागू करा. तिच्यात जिल्ह्याजिल्ह्याला देखरेख समिती सांगितली आहे. आपल्या जिल्ह्याची समिती कुठे आहे, ती कधी बसली, किती ऑपरेशनं तिने तपासली, हे आपण जिल्हा रुग्णालयात जाऊन लेखी विचारायचं. तीन, आपणच गावोगाव पिशवी काढलेल्या बायांची यादी करायची, त्यांचे कागद वाचून द्यायचे आणि पंचेचाळिशीच्या आतल्या प्रत्येकीला डॉक्टरपर्यंत न्यायचं.

ही काही सूट-सबसिडीची मागणी नाही. घसाऱ्याची मागणी आहे, आणि आपण हिशेबाला पक्के आहोत.

माझं मनगट जुळलं, पण वाकडं जुळलं. लावणीला मी आता पूर्वीसारखी वाकत नाही, मुठी टाकायचं काम करते. रोज नागलीची भाकरी खाते, गोळी घेते, चौकटीवर खूण करते. तीन वर्षांत खूण खाली आलेली नाही. माझी धाकटी सून तीस वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिला पांढरं जातं म्हणून तिच्या माहेरचे पिशवी काढायला घेऊन निघाले होते. मी तिला आधी सरकारी दवाखान्यात नेलं. पंधरा दिवसांच्या औषधाने ती बरी झाली. आज इथे पुढच्या रांगेत बसली आहे.

घरी गेल्यावर आधी पेटी उघडा.